झाडपाल्याचं आहे, बाधत नाही?

२०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद! गरोदरपणी आमटीत, दुधात चिमूटभर चालते. औषध म्हणून चमचे-चमचे नको. ‘झाडपाल्याचं आहे, बाधत नाही,’ असं आपण म्हणतो. पण मिशरीसुद्धा तंबाखूच्या पानाचीच ना? तिनं पोटातल्या बाळाचं वजन घटतं. दिवस भरत आले की सासूबाई मायेनं एरंडेल देतात. त्यानं जुलाब लागतात, अवेळी कळाही येऊ शकतात. कोरफडीचा रस, काढा, बिननावाची पुडी, काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. चौथ्या महिन्यापासून दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते. जाताना पुडी-बाटली पिशवीत घाला. सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांच्यासमोरच विचारा.