पुढं काय झालं, ताई?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय "एकमेकींना आधार". या विषयावर तुम्हाला शिकवावं एवढं माझं वय नाही. म्हणून गेले तीन महिने बैठकांमध्ये मी जी गोष्ट थोडी थोडी सांगत होते, तीच आज सगळ्यांसमोर सांगते. काही गटांत ती अर्धी राहिली होती. मग मला एसटी स्टँडवर अडवून विचारलं गेलं, "पुढं काय झालं ताई, त्या पोराचं?"

गोष्ट जपानची आहे. चित्रांची गोष्ट, आपली पोरं कॉमिक म्हणतात तशी. नाव 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन. ती काढणारे केइजी नाकाझावा. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्या दिवशी गेले. आईचे दिवस भरले होते, ती त्याच दिवशी बाळंत झाली. ती तान्ही मुलगीही काही महिन्यांनी गेली. मोठेपणी त्यांनी हेच सगळं गेन नावाच्या मुलाच्या गोष्टीत मांडलं. १९७३ पासून ती मुलांच्या एका साप्ताहिकात येऊ लागली. दर आठवड्याला थोडी, मालिकेसारखी.

आता बघा, शहर जळतंय. गेनचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकलेत. गेन आणि त्याची आई वासे उचलायला बघतात, हलत नाहीत. हाका मारतात, कोणी थांबत नाही. ज्या शेजाऱ्यानं आधी यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, तोही निघून जातो. शेवटी मदतीला येतो पाक नावाचा कोरियाचा माणूस. कोरियाच्या लोकांना तेव्हा जपानमध्ये खूप हिणवायचे. तोच माणूस आईला आगीपासून ओढून बाजूला नेतो. हे सांगितलं तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "ज्याला दारात उभं केलं नव्हतं, तोच आला." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसरा भाग ऐकून तर बायकांनी पदर डोळ्याला लावला. आईला दूध येत नाही, बाळ रडतंय, घरात तांदळाचा दाणा नाही. गेन काम शोधतो. एका घरात त्याला काम मिळतं. त्या घरात भाजलेला एक तरुण चित्रकार आहे. जखमा चिघळल्यात, अंगाला वास येतोय. बॉम्बमधून वाचलेल्यांचा आजार आपल्यालाही लागेल, असं तेव्हा लोकांना वाटायचं. म्हणून घरातलीच माणसं त्याला हात लावत नाहीत. पैसे देऊन हे पोर ठेवलंय. गेन त्याच्या जखमा धुतो, भांडतो, चिडतो, पण सोडून जात नाही. हात निकामी झालेला तो माणूस शेवटी दातात ब्रश धरून चित्र काढायला लागतो.

इथं एका ताईंनी मला विचारलं, "अशी आपली माणसं कोण असतात का हो?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. असतात. आमच्याच घरात होती. कोरोनात माझी आत्या मुंबईहून गावी आली. चौदा दिवस शाळेत राहिली, तिथून घरी आली, तरी आम्ही तिचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायचो. मी तेव्हा समाजकार्याचं शिक्षण घेत होते. आत्या एक शब्द बोलली नाही. पण आजही आली की ती दाराजवळच बसते, आत ये म्हटलं तरी.

आता वाचणाऱ्यांचं सांगते, कारण मला तो भाग सगळ्यात आवडतो. गोष्ट त्या साप्ताहिकातून पुढं दुसऱ्या, लहान मासिकांत गेली, पण वाचणाऱ्यांनी तिला सोडलं नाही. १९७६ मध्ये काही जपानी तरुण अमेरिकेत शांततेसाठीच्या पदयात्रेत चालत होते. एकाच्या पिशवीत हे पुस्तक होतं. लोक म्हणाले, हे आमच्या भाषेत पाहिजे. मग त्यांनी टोकियोत गट केला. पगार नाही, मानधन नाही, सगळ्यांनी मिळून भाषांतर केलं. पुढं कानाझावा शहरातल्या अशाच एका गटानं सगळे दहा भाग रशियन भाषेत नेले. नुसतं "छान आहे" म्हणून ते थांबले नाहीत. २०१२ मध्ये मात्सुए शहरात हे पुस्तक शाळेच्या कपाटात बंद ठेवायला सांगितलं, तेव्हाही लोक बोलले आणि २०१३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

गोष्टीत गेनचे वडील मुलांना सांगत असतात, गव्हासारखे व्हा. जपानमध्ये थंडीत गव्हाची कोवळी रोपं पायानं तुडवतात, म्हणजे मुळं घट्ट धरतात. हे ऐकल्यावर आपल्या एक मावशी म्हणाल्या, "त्यात काय, आपण हरभऱ्याचे शेंडे खुडतोच की, तेव्हाच फुटवे येतात." बरोबर आहे मावशी. पण खुडल्यावर आपण त्याला पाणीही देतो. खुडून तसंच सोडलं तर वाळेल.

म्हणून आता खरी गोष्ट. आपल्या एका गटात नवरा गेलेली ताई आहे. तीन हप्ते थकलेत, बैठकीला येत नाही. तिचं नाव कमी करायचा ठराव वहीत लिहून ठेवलाय, सह्या पुढच्या बैठकीत होणार आहेत. मी कोणाला दोष देत नाही. परतफेड पंचसूत्रीत आहे, बँक आपल्याला विचारणारच. पण तिच्या घरी कोण गेलं होतं? मी विचारलं तेव्हा सगळ्या खाली बघत होत्या. मीही गेले नव्हते.

अडचणीतल्या कुटुंबांसाठी ग्रामसंघाकडे व्हीआरएफचा निधी आहे. काही गावांत तो खात्यावर तसाच पडून आहे, कारण "दिला आणि परत आला नाही तर?" ही भीती. तो निधी अशाच घरासाठी असतो ना?

माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, कोणाचंही नाव कमी करण्याआधी दोघी जणी तिच्या घरी जाऊन या, वसुलीसाठी नाही, चहाला. दोन, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते गटात बोला आणि ठरलं तर ठराव लिहा. तीन, पुढच्या ग्रामसंघ बैठकीत प्रत्येक गटानं अडचणीतल्या एका घराचं नाव आणा, निधीचा अर्ज आपण तिथंच भरू.

त्या ताईकडे मी येत्या गुरुवारी चाललेय. सोबत कोण येणार, ते सभा संपल्यावर मला सांगा. पुढं काय झालं ते पुढच्या महिन्यात इथंच सांगेन.