‘असतं’, ‘म्हणे’ आणि ‘हवं होतं’: फ्रेंचचा एक काळ, मराठीतले तीन अर्थ

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. फ्रेंच उच्चार देवनागरीत कामचलाऊ लिहिले आहेत. खरा उच्चार कानानेच पकडा.)

आजचा विषय तुम्हीच मागितलेला आहे: कोंदिस्योनेल पासे. नाव ऐकून घाबरू नका. ‘मी आले असते’, ‘त्याने सांगितलं असतं’ हे जे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो ना, तेच.

पण आधी माझी एक फजिती सांगते.

मी ल्यों शहरात शिकत होते. इंटर्नशिप ठरली होती. तिथे इंटर्नशिपचा रीतसर करार करावा लागतो आणि त्यावर शिक्षकांचीही सही लागते. सोमवारी संध्याकाळी सरांचा मेल आला. त्यात वाक्य होतं: ‘झोरॅ व्हूल्यू व्हू व्वार अव्हां व्हांद्रदी’. व्हांद्रदी म्हणजे शुक्रवार. मी वर्गात शिकले होते तसा अर्थ लावला: ‘शुक्रवारच्या आधी तुम्हाला भेटायला आवडलं असतं.’ असतं! म्हणजे आता जमणार नाही, सर बिझी असतील. मी मनात म्हटलं, बिचारे किती छान बोलतात. आणि गेलेच नाही.

सर चार दिवस माझी वाट बघत होते. ते बोलावत होते मला! सही राहिली, कंपनी थांबली नाही, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

रूप मला पाठ होतं बरं का. स्पेलिंगसकट. अर्थ चुकला. म्हणून आज रूप पटकन उरकू आणि अर्थावर जास्त वेळ थांबू.

रूप कसं करायचं

मराठीत काय करतो? ‘बोलले’ अधिक ‘असते’. फ्रेंचमध्येही दोनच तुकडे, फक्त क्रम उलटा. आधी ‘असते’वालं सहायक क्रियापद, मग भूतकाळी रूप. सहायक दोन आहेत, आव्वार आणि एत्र.

आव्वार माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा, लोक बघतील तर बघू देत: झोरॅ, त्यू ओरॅ, इल ओरॅ, नूझोरियों, व्हूझोरिए, इल्झोरॅ. आता त्याला ‘पार्ले’ जोडा. झोरॅ पार्ले, मी बोलले असते. झालं.

एत्र: झ सरॅ, त्यू सरॅ, इल सरॅ, नू सरियों, व्हू सरिए, इल सरॅ. हे कुणाला लागतं? जाणं, येणं, निघणं, पोचणं, पडणं, जन्मणं, मरणं, राहणं असल्या मोजक्या क्रियापदांना, आणि ‘स्वतःला उठवणं, स्वतःला धुणं’ अशा थाटाच्या सगळ्या क्रियापदांना. पासे कोंपोझे येत असेल तर नवीन काही पाठ करायचं नाही. तिथे जे सहायक, तेच इथे.

आता एक गंमत, जी मराठी माणसाला लवकर कळते. आपण म्हणतो ‘तो गेला असता, ती गेली असती’. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदललं. एत्रचं तसंच आहे: एल सरॅ पार्ती, ती निघाली असती. कर्ता स्त्रीलिंगी, म्हणून लिहिताना शेवटी एक ‘इ’ अक्षर वाढतं. पण आपण म्हणतो ‘मी लेख लिहिला असता, मी चिठ्ठी लिहिली असती’. इथे क्रियापद कर्माकडे बघतं. फ्रेंच आव्वारसुद्धा कर्माकडे बघतं, फक्त कर्म आधी आलं असेल तरच. ‘जी चिठ्ठी मी लिहिली असती’, ला लेत्र क झोरॅ एक्रीत. एरवी नुसतं ‘एक्री’, इथे ‘एक्रीत’. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते इथे डोकं धरून बसतात. आपल्याला ‘लिहिला-लिहिली’ची सवय आईच्या दुधापासून आहे, तिचा फायदा घ्या.

पहिला अर्थ: असतं

‘तू फोन केला असतास, तर मी आले असते.’ फोन केला नाही, मी आले नाही. विषय संपला. फ्रेंचमध्ये: सी त्यू माव्हॅ आपले, झ सरॅ व्हन्यू. हो, ‘आपले’ म्हणजे बोलावणं किंवा फोन करणं. लक्षात राहायला किती सोपं!

इथे मराठी आपल्याला खड्ड्यात घालते. आपण दोन्हीकडे ‘असतं’ लावतो: केला असतास, आले असते. फ्रेंच ‘सी’च्या बाजूला ‘असतं’ चालवून घेत नाही. तिथे साधा ‘होतं’वाला काळ, प्ल्यूस-क-पार्फे. अक्षरशः ‘जर तू फोन केला होतास, तर मी आले असते’. फ्रेंच शाळेत मुलांना घोकवतात की ‘सी’ला ‘रॅ’ आवडत नाही. अट घालणाऱ्या ‘सी’पुरता हा नियम, ‘की नाही’ अशा अर्थाच्या ‘सी’नंतर ‘रॅ’ येऊ शकतं.

आणि ही चूक फक्त आपलीच नाही. इव्ह रोबेर यांचा १९६२चा ‘ला गेर दे बुतों’ नावाचा सिनेमा आहे, लहान मुलांच्या टोळीयुद्धाचा. त्यातला एक चिमुरडा एकाच छोट्या वाक्यात दोन्ही चुका करतो: ‘सी’नंतर ‘रॅ’ लावतो आणि ‘येणं’ला एत्रऐवजी आव्वार जोडतो. त्या चुकांमुळेच ते वाक्य फ्रान्समध्ये घराघरात माहीत आहे. तेव्हा चुकलात तर निदान सोबत चांगली आहे.

याच घरात तक्रार आणि पश्चात्ताप राहतात. त्यू ओरॅ द्यू म ल दीर: ‘मला सांगायला हवं होतंस.’ त्यू ओरॅ प्यू म ल दीर: पुस्तकी भाषांतर ‘सांगू शकला असतास’. पण असं कोण भांडतं? आपण म्हणतो, ‘अरे, सांगायचंस ना!’ तेच ते. ‘द्यू’मध्ये कर्तव्य चुकल्याचा ठपका आहे, ‘प्यू’मध्ये रुसवा. मित्राला मेसेज करताना बघून वापरा.

दुसरा अर्थ: म्हणे

आता फोनवर फ्रेंच बातमी उघडलीत. मथळा: ल मिनिस्त्र ओरॅ देमिसियोने. वर्गातला अर्थ लावलात तर ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’. म्हणजे दिला नाही. आणि बातमी नेमकी उलटं सांगतेय: ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’. घरगुती मराठीत, ‘राजीनामा दिला म्हणे’.

खात्री नसलेली माहिती फ्रेंच पत्रकार या रूपात देतात. एका छोट्या ‘ओरॅ’मध्ये ते सांगून टाकतात की हे आम्ही ऐकलंय, तपासलेलं नाही. म्हणून भाषांतर करून ग्रुपवर टाकताना दोन्हीकडून सांभाळा. ‘दिला असता’ लिहिलंत तर बातमी उलटी झाली. नुसतं ‘दिला’ लिहिलंत तर अफवेची पक्की बातमी झाली. ‘म्हणे’ गाळायचं नाही.

ओळखायचं कसं? आजूबाजूला ‘सी’ किंवा कुठलीही अट दिसत नाही, आणि ‘स्लों’ म्हणजे ‘अमक्याच्या म्हणण्यानुसार’ असा शब्द दिसतो. मग बहुतेक ‘म्हणे’च.

तिसरा अर्थ: हवं होतं

आणि हा माझा महागात पडलेला अर्थ.

वाण्याकडे जाऊन आपण काय म्हणतो? ‘एक किलो साखर हवी होती.’ होती! वाणी कधी विचारतो का, ‘होती म्हणजे? आता नको का?’ नाही विचारत. साखर आत्ताच हवीय, हे त्याला कळतं. ऑफिसात साहेबांच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, ‘सर, जरा बोलायचं होतं.’ इच्छा आत्ताची, क्रियापद मागे सरकवलेलं, समोरच्यावर जोर पडू नये म्हणून.

‘झोरॅ व्हूल्यू’ आणि ‘झोरॅ एमे’ हे फ्रेंचचं ‘हवं होतं’ आहे. सरांचं वाक्य मराठीत असं होतं: ‘शुक्रवारच्या आत तुम्हाला भेटायचं होतं.’ हे मला मराठीत कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच दिवशी धावत गेले असते. अडचण फ्रेंचची नव्हतीच. एका रूपाला एकच मराठी अर्थ असं मी वहीत लिहून ठेवलं होतं, तिथे गडबड होती.

मग खरा पश्चात्ताप आहे की विनंती, हे कसं ठरवायचं? पुढची वेळ बघा. माझ्या मेलमधला शुक्रवार अजून यायचा होता. वेळ शिल्लक असेल तर ती बहुधा विनंती. शंका असेल तर सरळ विचारा, दोन ओळींचा मेल टाका. लाज वाटते, मान्य. पण संधी जाण्यापेक्षा परवडते.

जाता जाता: जुन्या कादंबऱ्यांत याच अर्थाने ‘ओरॅ’च्या जागी ‘यू’सारखं ऐकू येणारं एक रूप भेटेल. ओळखा, पण बोलताना वापरू नका.

गृहपाठ

तीन वाक्यं. कुठलं ‘असतं’, कुठलं ‘म्हणे’, कुठलं ‘हवं होतं’?

१. झोरॅ व्हूल्यू अं काफे.
२. एल सरॅ देझा पार्ती, स्लों सा सर.
३. सां त्वा, झ सरॅ तोंबे.

उत्तरं: पहिलं, ‘एक कॉफी हवी होती’. दुसरं, ‘ती निघूनही गेली म्हणे, तिची बहीण सांगते’. तिसरं, ‘तू नसतास तर मी पडले असते’. तिसऱ्यात ‘सी’ नाही, पण ‘सां त्वा’, म्हणजे ‘तुझ्याविना’, हीच लपलेली अट आहे.

माझं स्वतःचं चौथं वाक्य तुम्हाला देऊन टाकते: झोरॅ द्यू दमांदे. मी विचारायला हवं होतं.

तुम्ही विचारत जा. भेटू पुढच्या भागात!