कंपवात आणि डॉक्टरांसमोरची दहा मिनिटे



आजचा विषय कंपवाताचा असला, तरी औषधांची यादी वाचून दाखवण्याचा आमचा विचार नाही. औषध डॉक्टर देतात; पण ते किती व केव्हा द्यावे हे ठरवण्यास लागणारी माहिती रोग्याच्या घरात असते, आणि ती तेथेच राहते.

समजा, लोणावळ्याचे एक गृहस्थ पुण्याच्या मेंदूतज्ज्ञांना भेटायला सकाळची गोळी घेऊन लोकलमध्ये बसले. लेव्होडोपाचा गुण साधारण अर्ध्या-पाऊण तासात येतो. गाडीला तर त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दवाखान्यात ते बरे चालत शिरतात. डॉक्टर म्हणतात, "छान आहे, हेच चालू ठेवा." पहाटे कूस वळवता येत नाही, मोरीच्या उंबऱ्याशी पाय खिळतात, हे त्यांना दिसावे कसे? जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या सहा रोग्यांपैकी काही त्याने रस्त्यात चालतानाच पाहिले होते. आजच्या डॉक्टरांना ती सोय नाही.

म्हणून एक वही करावी. गोळी केव्हा घेतली, जेवण केव्हा झाले, अंग केव्हा मोकळे झाले, केव्हा जखडले, एवढेच चार दिवस लिहावे. जेवण अशासाठी, की डाळी-दुधातली प्रथिने काहींच्या बाबतीत या औषधाच्या आड येतात.

काही गोष्टी लाजेपोटी राहतात. खोलीत नसलेली माणसे दिसतात, हे वेडा ठरण्याच्या भीतीने कोणी बोलत नाही. काही गोळ्यांनी एखाद्या सरळ माणसाला जुगाराचा नाद लागतो. तो औषधाचा दोष असू शकतो, आणि डॉक्टरांना कळला तर त्यावर उपाय असतो. मात्र घरच्या घरी गोळी एकाएकी बंद करू नये.

आपल्या सह्याद्रीतली खाजकुहिली घ्या. तिच्या बियांत लेव्होडोपाच असते! डॉक्टर रागावतील म्हणून तिचे चूर्ण लपवले, तर मात्रेचा सारा हिशेब चुकतो.

डॉक्टरांकडेही आमचे एक मागणे आहे. या रोगात चेहरा निर्विकार होतो, आवाज बारीक होतो, उत्तर उशिरा येते. मग प्रश्न मुलाला विचारला जातो, "बाबा कसे आहेत?" बाबा समोरच बसलेले असतात, आणि त्यांना सारे ऐकू येत असते. त्यांना विचारावे आणि थांबावे. मुलानेही मध्ये बोलू नये. त्याची पाळी नंतर आहेच.