उजेडाचा हिशेब
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



फोन घ्यायचा झाला म्हणजे दुकानदार आपल्याला दोनच गोष्टी मोठ्याने सांगतो : पाठीवर भिंगे किती आणि मेगापिक्सेल किती. मेथीची जुडी घेताना आपण ती उलटून आतली पाने पाहतो. परंतु हजारो रुपये मोजून घ्यायच्या या यंत्राची मात्र नुसती संख्या ऐकून घरी येतो. म्हणून आज मी तिसऱ्याच आकड्याविषयी बोलणार आहे. माहितीपत्रकात तो एफ १.८, एफ २.४ असा बारीक अक्षरांत छापलेला असतो.

छायाचित्र हा सारा उजेडाचा खेळ आहे. भिंगाच्या ज्या द्वारातून उजेड आत येतो, त्याला ॲपर्चर म्हणतात. भिंगाच्या नाभीय अंतराला त्या द्वाराच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. नाभीय अंतर ६ मिलिमीटर आणि द्वार ३ मिलिमीटर असेल, तर एफ २. द्वार दीड मिलिमीटर असेल, तर एफ ४. म्हणजे आकडा मोठा तितके द्वार लहान. यात गूढ काही नाही. चार हा दोनापेक्षा मोठा खरा, पण पाव भाकरी अर्ध्या भाकरीपेक्षा लहानच असते! शिवाय व्यास निम्मा झाला की उजेड निम्मा न होता चौथाई होतो, कारण हिशेब क्षेत्रफळाचा आहे.

सॅमसंगचा २०२३ साली निघालेला गॅलेक्सी एस २३ अल्ट्रा घ्या. त्याच्या पाठीवर चार भिंगे आहेत. मुख्य भिंग एफ १.७, विस्तृत दृश्याचे एफ २.२, तिप्पट जवळ आणणारे एफ २.४ आणि दहापट जवळ आणणारे एफ ४.९. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या प्रखरतेत सुमारे आठपट अंतर पडते. दुपारी झाडावरचा पक्षी टिपायला शेवटचे भिंग उत्तम; पण रात्री मांडवात तेच भिंग चाचपडू लागते.

मात्र एफचा आकडा सारखा दिसला म्हणजे दोन फोन सारखे झाले, असेही नाही. पाऊस सारखाच पडत असला तरी वाटीत जमेल त्याहून परातीत पाणी अधिक जमते. उजेड झेलणारी आतली पट्टी, म्हणजे सेन्सर, हीच ती परात. मुख्य भिंगामागे ती बहुधा सर्वांत मोठी असते. मेगापिक्सेल म्हणजे त्या परातीतले कप्पे. कप्पे वाढवल्याने परात वाढत नाही. वर सांगितलेल्या फोनचे २०० मेगापिक्सेलसुद्धा नेहमीच्या चित्रासाठी सोळा-सोळा एकत्र करून सुमारे १२ च वापरले जातात. आणि स्वस्त फोनांवरची २ मेगापिक्सेलची जादा भिंगे पुष्कळदा संख्या फुगवण्यापुरतीच असतात.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? भगिनींनो, आपल्या घरातली चित्रे बहुधा तिन्हीसांजेला, देवघरापाशी नाही तर एका दिव्याच्या खोलीत निघतात. उजेड कमी पडला की चित्रावर रवाळ ठिपके येतात आणि फोन ते गणिताने पुसू लागतो. पुसताना आजीच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. सुरकुत्यांवाचून आजी ती कसली? उद्या नातवंडांच्या हाती हेच चित्र राहणार आहे.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संध्याकाळी मुख्य भिंगच वापरावे आणि जवळ आणण्याचे बटण दाबण्याऐवजी आपणच दोन पावले पुढे जावे. समूहचित्र विस्तृत भिंगाने काढू नये. त्यात कडेच्या व्यक्ती ताणल्यासारख्या रुंद दिसतात, आणि कडेला नेमक्या आपल्या संकोची भगिनी उभ्या असतात. चित्र काढणारीने मागे सरकावे, म्हणजे सर्वजणी जशा आहेत तशा येतील. तिसरे, काढण्यापूर्वी भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. तेलकट बोटाच्या एका ठशाने दिव्याभोवती धुके पसरते.

चौथी गोष्ट दुकानातली. फोन घेताना अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहून तिप्पट जवळ आणण्याचे बटण दाबावे आणि पाठीवरच्या त्या लांब पल्ल्याच्या भिंगावर बोट ठेवावे. पडद्यावर अंधार झाला, तर ते भिंग खरोखर काम करीत आहे. चित्र तसेच राहिले, तर फोन मुख्य भिंगाचेच चित्र कापून मोठे करून दाखवीत आहे, असे समजावे. मग त्या जादा भिंगासाठी जादा पैसे मोजायचे की नाहीत, ते आपले आपण ठरवावे. घरखर्चातून वाचवलेला पैसा आहे. बोट ठेवून पाहण्यात संकोच कसला?