गणवेश, गर्दी आणि ओळख

(देवणी येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिरात चित्रपटावर बोलायचे म्हणजे विरंगुळा, असे कोणाला वाटले तर नवल नाही. परंतु चार्ली चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ ऑक्टोबर १९४० मध्ये पडद्यावर आणला, तेव्हा हिटलरच्या फौजा पॅरिसमध्ये होत्या आणि अमेरिका अद्याप युद्धात उतरलेली नव्हती. ज्याच्या नावाने जग थरकापत होते, त्याचे हसे करण्याचे धाडस एका विनोदी नटाने केले.

चित्रपटातला हुकूमशहा हिंकेल आणि त्याच्याच राज्यातला एक गरीब ज्यू न्हावी दिसायला हुबेहूब सारखे. दोन्ही भूमिका चॅप्लिनच्याच. न्हावी गणवेश चढवून छळछावणीतून निसटतो; हिंकेल गणवेश उतरवून बदकांच्या शिकारीला निघतो. हिंकेलला त्याचेच शिपाई न्हावी समजून पकडतात आणि न्हाव्याला हुकूमशहा समजून सलाम ठोकतात. हुकूमशाहीचे सारे इंगित या अदलाबदलीत आहे. सत्ता हिंकेलच्या अंगात नव्हती, ती गणवेशात होती; आणि गणवेशाला ती सलाम करणाऱ्यांनी बहाल केली होती.

अखेरीस न्हावी माणुसकीचे आवाहन करतो आणि गर्दी जयजयकार करते. प्रेक्षकही सुखावतो. माझे मन मात्र तेथेच अडखळते. हीच गर्दी हिंकेलच्याही भाषणांना टाळ्या देत आली होती. मग तिला न्हाव्याचा विचार पटला, की व्यासपीठावरचा गणवेश पाहून तिने सवयीने टाळ्या वाजवल्या?

हा प्रश्न परदेशातला नाही. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी १९४६ मध्ये मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या रझाकारांनी या मुलखात दहशत माजवली. आपले देवणी तेव्हा निजामी राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. त्या दहशतीविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. ते मुसलमान होते, हे विसरू नका.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. तो मुक्तीचा दिवस होता आणि त्याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. परंतु त्यानंतर जे घडले, तेही आपलेच आहे. भारत सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक दशके जाहीर झाला नाही. विणकर, शेतमजूर, दुकानदार यांना केवळ नावावरून रझाकार ठरवले गेले. चॅप्लिनच्या चित्रपटात ओळखीची गफलत झाली म्हणून आपण हसतो. येथे ती झाली म्हणून माणसे मेली. शोएबुल्ला खान तेव्हा हयात असते आणि अशा एखाद्या जमावापुढे सापडले असते, तर जमावाने त्यांना कोण समजले असते?

आपल्या देवणीची ख्याती गोवंशासाठी आहे. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे रंगावरून येथील लहान मूलही ओळखते. जनावराची पारख अशी होते. माणसाची होत नाही. माणूस त्याच्या कृतीवरून ओळखावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो, चौकशी लागते, कधी गर्दीच्या विरुद्ध एकट्याने उभे राहावे लागते.

म्हणून खुर्चीवर एखादा सज्जन न्हावी बसवला की आपले काम संपले, या भ्रमात कार्यकर्त्याने राहू नये. खुर्चीवर कोणीही असो, अगदी आपल्या पक्षाचा असो, हात सलामासाठी वर जाण्याआधी तोंडातून प्रश्न निघाला पाहिजे. ती सवय आपल्या गावात, आपल्या शाखेत लागली, तरच हिंकेलचा गणवेश नुसता कापड उरेल.