हातात किती पडणार?



आज रात्रीच्या वर्गात आम्हांला चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही वक्ते नाही. आम्ही दोघे नवराबायको, रत्नागिरीकडची आंबा-काजूवाली माणसे. आमचा मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला पैसे बदलताना ठकलो. दुसऱ्या खेपेला शहाणे झालो. तीच हकिगत तुम्हांला सांगतो. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आखातात आहेत. आज ना उद्या तुम्हीही जाल. आमचा तोटा तुमच्या उपयोगी पडला, तर आम्हांला आनंदच आहे.

दुबईच्या दुकानात दिरहम चालतो. एका दिरहमचे शंभर फिल्स होतात. एके काळी तिकडे आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. पुढे १९६६ साली आपल्या सरकारने रुपयाची किंमत उतरवली. तेव्हा तिकडच्या लोकांनी रुपया सोडला. १९७३ साली दिरहम आला. आता आपल्याला रुपये मोजून दिरहम विकत घ्यावे लागतात. होय, विकत! तांदूळ विकत घेतो तसाच पैसाही विकत घ्यायचा. आणि विकत घेणे म्हटले, की भाव आला आणि मापही आले.

पहिल्या खेपेला आम्ही आंबा-काजूच्या पैशांतून पन्नास हजार रुपये बाजूला काढले. 'पैसे काय, विमानतळावर बदलू,' असे म्हणून निघालो. विमानतळावर पैसे बदलून देणारे एक दुकान होते. आत कोटवाला माणूस बसला होता. 'फी काही नाही,' असे तो हसून म्हणाला. आम्हांला बरे वाटले. फळ्यावर आकडे होते. पण मागे रांग लागली होती. विमानाची वेळ होत आली होती. आम्ही काही न विचारता पैसे दिले. त्याने १८५१ दिरहम आणि वर चिल्लर हातात ठेवली.

घरी पोचल्यावर मुलाने पावती बघितली. तो म्हणाला, "बाबा, सत्तावीस रुपयांना एक दिरहम घेतलात? परवाच एकाचे आईवडील आले. त्यांना शहरात पंचवीसला मिळाला!"

आम्ही हिशेब केला. पंचवीसच्या भावाने पन्नास हजारांचे २००० दिरहम आले असते. म्हणजे जवळजवळ दीडशे दिरहम कमी आले. रुपयांत ते झाले सुमारे ३,७०० रुपये. घरची मंडळी गप्प बसली. थोड्या वेळाने आपली बोटे पुढे करून म्हणाली, "अहो, काजू फोडून फोडून ह्या बोटांची सालं निघाली. ते पैसे असे उभ्या उभ्या गेले."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

आता असे का झाले ते पाहू. पैसे बदलणाऱ्याच्या फळ्यावर दोन भाव असतात. एक त्याचा घेण्याचा, दुसरा विकण्याचा. आपला आंब्याचा व्यापारी पेटी कमी भावात घेतो आणि जास्त भावात विकतो. मधले अंतर हा त्याचा नफा. इथेही तसेच. तो दिरहम स्वस्तात घेतो आणि आपल्याला महागात देतो. हे अंतर जितके मोठे, तितके आपले नुकसान मोठे. 'फी काही नाही' म्हणणारा काही धर्म करायला बसलेला नसतो. त्याची फी भावातच दडलेली असते.

विमानतळावर भाव चढा का असतो? जत्रेत नारळ महाग का असतो, तेच कारण. तिथे पाच पावलांवर दुसरे दुकान नसते, आणि आपल्याला घाई असते. गरजवंताला अक्कल नसते, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

दोन वर्षांनी पुन्हा जायचे ठरले. त्या वेळी आम्ही आठ दिवस आधीच शहरात गेलो. मोबाइलवर दिवसाचा बाजारभाव बघून ठेवला. त्या भावाने दुकानात दिरहम मिळत नाही. पण दुकानाचा भाव बाजारभावापासून किती लांब आहे, ते कळते. मग आम्ही तीन ठिकाणी विचारले. एक बँक आणि दोन परवानेवाली दुकाने. तिन्हीकडे एकच प्रश्न केला: "आम्ही पन्नास हजार रुपये दिले, तर सगळा खर्च जाऊन हातात किती दिरहम पडणार?"

एका दुकानाने सांगितले, भाव २५ रुपये, फी नाही. बँकेचा भाव होता २४ रुपये ८० पैसे, पण फी ५०० रुपये. तिसऱ्याचा भाव २५ रुपये ६० पैसे. त्याला आम्ही लगेच सोडला. सरकारचा कर सगळीकडे सारखाच होता, म्हणून तो बाजूला ठेवला. राहिले दोन. तुम्ही म्हणाल, बँकेचा भाव कमी, म्हणजे बँकच स्वस्त. आम्हांलाही आधी तसेच वाटले. पण ह्याच वर्गात शिकलेला भागाकार आम्ही पाटीवर मांडला.

दुकानात ५०,००० भागिले २५, म्हणजे २००० दिरहम. बँकेत आधी ५०० फी गेली, उरले ४९,५००. त्याला २४.८० ने भागले, तर १९९६ सुद्धा पुरे होत नाहीत. भाव कमी, पण हातात पडणारे दिरहमही कमीच! म्हणून सांगतो, नुसता भाव विचारू नका. माप विचारा. पायली स्वस्त सांगणारा पायली भरून देतो का, हे आपण बाजारात बघतोच की.

मग आम्ही दुकानदाराला म्हटले, "काहीतरी कमी करा." त्याने दहा पैसे सोडले. २००० चे २००८ दिरहम झाले. विचारायला काय पैसे पडतात?

आम्ही सगळी रोकड घेतली नाही. अर्ध्या रकमेच्या नोटा घेतल्या. अर्धी रक्कम त्याच दुकानातून प्रवासी कार्डात भरून घेतली. ह्या कार्डात दिरहमच भरून ठेवतात. भरतो त्या दिवसाचा भाव पक्का होतो. मात्र कार्डाची फी किती, हेही आधी विचारायचे. तिकडे यंत्रातून रोख काढली, तर दर खेपेला फी बसू शकते. म्हणून थोडे थोडे दहा वेळा काढू नये.

कार्डाची एक गंमत ऐका. तिकडे एका दुकानात सुनेसाठी कापड घेतले. कार्ड दिले. यंत्राने विचारले, पैसे रुपयांत घेऊ की दिरहमांत? रुपयाचा आकडा बघून आमचा जीव हरखला. आपलाच रुपया, समजायला सोपा! बोट तिकडे वळणार, तोच मुलगा ओरडला, "बाबा, दिरहम दाबा!" का? रुपये दाबले, की भाव ते यंत्रवाले ठरवतात. तो बहुधा आपल्याला महागच पडतो. ज्या देशात आहोत, त्या देशाचा पैसा दाबावा, हे लक्षात ठेवा.

निघताना एकाने आम्हांला सल्ला दिला होता, "आधी डॉलर घ्या, तिकडे त्याचे दिरहम करा." एका डॉलरला सुमारे ३ दिरहम ६७ फिल्स हा भाव १९९७ पासून बांधलेला आहे, हे खरे. पण दोनदा बदल म्हणजे दोनदा दलाली. इथेच दिरहम मिळतात, तर डॉलरचा वळसा कशाला? नेपाळला जाणाऱ्यांना तर घासाघिशीची गरजच नाही. आपल्या १०० रुपयांना तिथले १६० रुपये, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. कुणी कमी देऊ लागला, तर खुशाल कारण विचारा.

आता कागदपत्रांचे सांगतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या ठिकाणीच पैसे बदला. गल्लीतला माणूस दोन पैसे जास्त देतो म्हणाला, तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे पावती नाही, नोट खोटी निघाली तर दाद नाही, आणि कायद्याने त्याला मनाईच आहे. पासपोर्ट आणि पॅन कार्ड बरोबर न्या. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्तीचे परकी चलन घ्यायचे असेल, तर पैसे रोख देता येत नाहीत. ते चेकने किंवा बँकेतून द्यावे लागतात. पावती जपून ठेवा.

परत येताना आधी नाणी खर्चून टाका. नाणी इकडे सहसा कुणी बदलून देत नाही. उरलेल्या नोटा विकायला गेलात, तर दुकानदार आपल्या घेण्याच्या भावाने, म्हणजे कमी भावाने घेतो. म्हणून नेतानाच बेताने न्या. २००० डॉलरच्या किमतीपर्यंतचे परकी चलन घरी ठेवता येते. त्याहून जास्त असेल, तर परत आल्यापासून १८० दिवसांच्या आत परत द्यावे लागते. आमच्याजवळ चाळीस दिरहम उरले. ते पुढच्या खेपेसाठी डब्यात ठेवले आहेत.

मंडळी, शेवटी एकच सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही का ठकलो? भाव ठाऊक नव्हता, एवढ्यानेच नव्हे. आम्हांला विचारायची लाज वाटली. वाटले, कोटवाला माणूस हसेल, रांगेतले लोक खेकसतील. त्या लाजेची किंमत ३,७०० रुपये झाली. घाम आपण गाळला आहे. मग प्रश्न विचारायला कसली लाज?

पैसे देण्याआधी मान वर करून विचारा, "सगळा खर्च जाऊन हातात किती पडणार?" तो सांगेल तो आकडा पाटीवर लिहा. मग दुसरीकडे जाऊन तेच विचारा. दोन्ही आकडे शेजारी मांडा. पुढचे तुमचे तुम्हांला कळेल.

राम राम.