खाटेपलीकडचा उपचार
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव त्या वस्तीला आहे. तेथील क्षयरोग आरोग्यधाम एके काळी दूरदूरच्या रुग्णांचे आशास्थान होते. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार हाच तेव्हा क्षयावरचा उपचार. पुढे औषधे आली, तरी खाट मिळाली तरच रोगी बरा होतो ही समजूत टिकून राहिली. खाटा मोजक्या आणि रोगी लक्षावधी!

१९५६ साली मद्रासमध्ये या समजुतीची परीक्षा सुरू झाली. गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात, दुसरा स्वतःच्या दाटीवाटीच्या घरी. औषधे दोघांनाही तीच, मुदत एक वर्ष. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या रुग्णांना ना तसा आहार, ना विश्रांती. तरी बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. कुटुंबीयांना संसर्गाचा जादा धोकाही दिसला नाही. जगभरातील क्षयोपचाराची दिशा त्यामुळे बदलली.

मात्र घरच्या रुग्णांना नुसत्या गोळ्या देऊन सोडलेले नव्हते. कर्मचारी न कळवता घरी जात, औषध खरोखर घेतले की नाही हे लघवीच्या तपासणीने पडताळत. मला या अभ्यासातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. जतच्या पूर्व भागातील किंवा पाटणच्या डोंगरवाडीवरील मधुमेही रुग्णाला आपला केसपेपर परवडतो. एस.टी.चे भाडे, सोबत्याचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी हा खर्च आपल्या बिलात नसतो, म्हणून आपल्या हिशेबातही नसतो. भांगलणीच्या दिवसांत फेरी चुकते, गोळ्या संपतात, आणि तोच रुग्ण पायाची जखम चिघळल्यावर येतो. मग सवलत देऊनही बिल जड जाते. कधी पायही गमवावा लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतात. ते कर्तव्यच आहे. पण तीही मोजणी खाटांचीच.

म्हणून माझी विनंती अशी. एका वर्षासाठी काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. तेथे परिचारिका दरमहा औषधे घेऊन जाईल, साखर तपासील, पाय पाहील. इतर गावांतील रुग्ण नेहमीप्रमाणे येथे येतील. चुकलेल्या फेऱ्या, रुग्णाचा प्रवासखर्च, जखमा यांची नोंद दोन्हीकडे सारखीच ठेवू. उपयोग दिसला तर उरलेल्या गावांनाही तीच सोय द्यावी. न दिसला तरी आकडे याच अहवालात छापावेत.

देणगीदारांना खोलीवर नावाची पाटी लावता येते. या कामाला भिंत नाही, याची मला कल्पना आहे. एका परिचारिकेचे वेतन, एक वाहन आणि नोंदवह्या, इतकीच मागणी विश्वस्तांपुढे ठेवतो.